जायचं की राहायचं? आधी त्यांना विचारू या

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि रेडिओ लावून ओट्यावर बसलेल्या आजी-आबांनो, आजचा विषय तुमचाच आहे, तेव्हा आवाज थोडा वाढवून घ्या.

आम्ही अंकुशनगर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांचं काम बघतो. बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज, सह्या हे तर चालतंच. पण वही मिटली, चहा आला की बायका जे बोलतात, त्यात एक गोष्ट आता सारखी येते. कुणी म्हणतं, "सासूबाई गावात एकट्या आहेत, त्यांना इकडं आणावं का?" कुणी म्हणतं, "दादा आईला पुण्याला न्यायचं म्हणतोय, पण आई घर सोडायला तयार नाही." घरातलं वडीलधारं माणूस आहे त्या घरात राहावं की मुलांकडं जावं, हा प्रश्न आज जवळपास प्रत्येक गल्लीत आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातली जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती. त्यानंतर तरणी पोरं कामासाठी आणखी बाहेर गेली. गावात मागं कोण राहिलं, ते आपण डोळ्यांनी बघतोच.

आपल्या भागात हा प्रश्न तीन वाटांनी येतो.

पहिली वाट तुमच्या ओळखीची. आबा वारतात, आजी एकट्या उरतात. मुलं वाळूजला, चाकणला, रांजणगावला कंपनीत. घराला कुलूप लावून आजींनी मुलांकडं जावं, असं सगळे म्हणतात.

दुसरी वाट कारखान्याची. इथं महाकाळा शिवारात समर्थ कारखाना आहे, म्हणून तर हे अंकुशनगर झालं. कारखाना कुठलाही असो, आयुष्यभर वसाहतीत राहिलेल्या कामगाराला नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. तीस वर्षं जिथं संसार केला ते घर आपलं नव्हतं, आणि ज्या गावातून आलो तिथलं घर पडलेलं. मग गावाकडं जायचं, जालन्यात खोली घ्यायची, की पोराच्या मागं जायचं?

तिसरी वाट ऊसतोडीची. दसरा झाला की गोदावरीपलीकडून बीड जिल्ह्यातून, आणि आपल्याही तालुक्यांतून, टोळ्या निघतात. कोयता घेऊन नवरा-बायको जातात. म्हातारी मागं राहिली तर चार-पाच महिने एकटी, नाहीतर दोन नातवंडं सांभाळत. सोबत नेली तर फडाजवळच्या कोपीत, पौष महिन्याच्या थंडीत, जमिनीवर झोपणं. या घरांत जायचं की राहायचं हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो.

या तिन्ही ठिकाणी आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. ज्याचं घर सुटणार आहे त्याला सोडून बाकी सगळे निर्णय घेतात. आणि बहुतेक वेळा तो निर्णय तेराव्याच्या दिवशी होतो. सगळे भाऊ-बहिणी जमलेले असतात, उद्या ज्याला त्याला कामावर जायचं असतं. जेवणं झाली की ओसरीत बैठक बसते. आईला कोण नेणार, शेत कोण करणार, म्हैस कुणाला द्यायची, सगळं एका दुपारी ठरतं. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. तिला विचारलंच तर ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." तो तिचा होकार समजला जातो.

मैत्रिणींनो, नुकताच जिचा नवरा गेला, तिच्याकडून आयुष्यभराचा निर्णय त्या दिवशी मागू नये. तेराव्याला एवढंच ठरवावं की पुढचे दोन-तीन महिने तिच्या सोबतीला कोण राहणार. घर, जमीन, जनावर, यातलं काहीही त्या दिवशी विकायचं नाही आणि कुणाच्या नावावर करायचं नाही. एक हंगाम जाऊ द्या. मग विचारा.

विचारायचं कसं, तेही सांगतो. "आई, तुला इथं राहायचं की तिथं?" असं विचारलं की उत्तर येतच नाही. तिला वाटतं, राहते म्हणाले तर पोराला वाईट वाटेल, येते म्हणाले तर सुनेला जड होईल. म्हणून आम्ही दिवसाबद्दल विचारतो. सकाळी उठल्यावर पहिलं काय करता? दिवसात कुणाकुणाशी बोलणं होतं? कोणतं काम आता होत नाही? रात्री भीती कशाची वाटते? काय सुटलं तर सगळ्यात जास्त आठवण येईल? हे एकट्यात विचारायचं, मुलासमोर नाही, आणि दोनदा विचारायचं, आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं.

एका गटातल्या आजींचं सांगतो. वय बहात्तर. थोरला मुलगा वाळूजला कंपनीत, धाकटा पुण्याकडं. दोन एकर रान आणि तीन शेळ्या. थोरल्याचं म्हणणं होतं की आईनं चलावं. आजी गप्प. आम्ही रात्रीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला मरायचं भ्या न्हाई. पण रातच्याला न्हाणीत पडले तर सकाळपर्यंत कुणाला कळायचं न्हाई, त्याचं भ्या वाटतं." बघा, सगळा वाद घर सोडण्यावर चालला होता आणि आजींची भीती होती न्हाणीघराची. न्हाणीतल्या गुळगुळीत फरशीची, अंधाराची. ते दुरुस्त करता येतं, त्यासाठी गाव सोडावं लागत नाही.

मुलाशीही बोललो. तो वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं." सून म्हणाली, "मी कंपनीत जाते, सकाळी आठला निघते ते संध्याकाळी सातला येते. आत्यांना दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत कोंडून ठेवायचं, हे मला तरी बरं वाटेल का?" हे तिघं एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचं आधीच ठरलंय.

असं बोलणं सुरू झालं की आम्ही चार गोष्टी एकेक करून बघतो. शरीर, माणसं, पैसा आणि कागद. तुम्हीही याच क्रमानं बघा.

आधी शरीर. आज स्वतःचं काय काय होतं? अंघोळ, संडास, स्वयंपाक, गोळ्या वेळेवर घेणं, दुकानापर्यंत चालणं. मागच्या वर्षात किती वेळा पडल्या? बीपी-शुगरच्या गोळ्या कुठून मिळतात? आशाताई घरी येतात का? पुष्कळ अडचणी घरातच सुटतात. न्हाणीत खरबरीत फरशी आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा. संडास बाहेर असेल तर तिथपर्यंत दिवा, आणि गुडघे वाकत नसतील तर कमोडची खुर्ची. उंबरठा उंच असेल तर त्याला एक पायरी. उशाशी बॅटरी आणि मोठ्या बटणांचा मोबाइल, त्यात चार नंबर भरून ठेवलेले. हे सगळं एका शेळीच्या पैशात होतं. एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं तर जो खर्च येतो, त्यापुढं हे काहीच नाही.

दुसरी गोष्ट माणसं. इथं आम्ही एकच प्रश्न विचारतो: सकाळी दार उघडलं नाही तर किती वाजता कुणाच्या लक्षात येईल? गावात याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. दूध घालणारा, शेजारची वहिनी, देवळात भेटणारी मैत्रीण. शहरात तोच प्रश्न उलटा करून विचारा: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोण असतं? खोली कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? खाली बसायला पार किंवा देऊळ आहे का? मुलाच्या घरी असूनही दिवसभर एकटं राहता येतं, आणि कुलूपबंद दारामागचं एकटेपण गावातल्या एकटेपणापेक्षा जड असतं.

माणसं सुटली की काय होतं, हे आपल्या मराठवाड्यानं बघितलंय. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली पन्नासहून जास्त गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली. घरं पक्की मिळाली आणि त्याची गरजही होती. पण सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांवर घरं लांब लांब गेली, जुनी गल्ली आणि जुना शेजार मोडला. सगळ्यात जास्त ते थकलेल्या माणसांना जाणवलं, कारण त्यांना लांब चालून जाणं जमत नाही. त्याआधी जायकवाडीचं धरण झालं, तेव्हा पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव भागातल्या कितीतरी गावांना पाण्यासाठी उठावं लागलं. त्याच धरणाच्या कालव्यावर आज आपला ऊस उभा आहे. त्या लोकांना जायचं की राहायचं हे ठरवायची सोय नव्हती. आपल्याला आहे. मग ती नीट वापरायला हवी.

तिसरी गोष्ट पैसा. आजींच्या हातात स्वतःचे असे किती रुपये येतात आणि घर बदललं तर ते येत राहतील का? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्या माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ते बँकेच्या खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं हवं, आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाहेरगावी गेल्यावर हा दाखला राहून जातो आणि पैसे थांबतात. तेव्हा जायच्या आधी तहसील कार्यालयात आणि बँकेत विचारून ठेवा. रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर राज्यातल्या दुसऱ्या गावातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं. त्यासाठी इथलं कार्ड घाईनं रद्द करून नाव काढू नका.

७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. त्याचं कार्ड वेगळं काढावं लागतं आणि ते आधारवर निघतं. जिथं राहायला जाणार तिथल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते चालतं, हे आधी बघा. एसटीत ७५च्या पुढच्यांना राज्यात प्रवास मोफत, ६५ ते ७५ला अर्धं तिकीट, आणि बायकांना तर वय कितीही असो अर्धंच. याचा उपयोग पुढं सांगतो.

आणि हातातला पैसा हातातच राहू द्या. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड मुलाच्या कपाटात गेलं की आजी नातवाला दहा रुपयाचं बिस्कीटसुद्धा विचारून देतात. त्यांचं मन तिथंच खचतं.

चौथी गोष्ट कागद, आणि इथं जरा कान देऊन ऐका. जाण्याचा निर्णय आणि सहीचा निर्णय कधीही एकत्र करू नका. मघाच्या आजींच्या बाबतीत धाकट्यानं कागद तयार करून आणले होते. "सही कर आणि चल, मग तुझी काळजी मिटली," असं त्याचं म्हणणं. आम्ही आजींना सही करा किंवा करू नका असं काहीच सांगितलं नाही. आम्ही त्या कागदाचं नाव सांगितलं. ते बक्षीसपत्र होतं.

बक्षीसपत्र नोंदवलं की जमीन त्याच दिवशी दुसऱ्याची होते आणि ती परत मिळवणं फार अवघड. हक्कसोडपत्राचंही तसंच. मृत्युपत्र वेगळं. ते माणूस गेल्यावर लागू होतं, आणि जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. त्याला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना वाटा मिळणार आहे ते शक्यतो साक्षीदार नसावेत, म्हणजे पुढं वाद होत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडं केलेली बरी.

आणि बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर त्यात एक ओळ हवी: आईचा सांभाळ, अन्न, निवारा, औषधपाणी करायचं या अटीवर हे देत आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा कायदा आहे. त्याच्या २३व्या कलमात सोय आहे की अशा अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२च्या एका निकालात म्हटलंय. म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नका. ती ओळ लिहून घ्या.

आजींनी सही केली नाही. भांडणही केलं नाही. म्हणाल्या, "मी हाय तवर माझ्या नावावर असू दे. माझ्यामागं तुमचंच हाय, तसं लिहून ठेवते." आणि त्यांनी मृत्युपत्र केलं. धाकटा दोन महिने फोनवर बोलला नाही. मग बोलू लागला.

आता जाण्याकडं वळू. आम्ही सांगतो की आधी जाऊन बघा. दोन महिने. पाहुणी म्हणून नाही, राहायला म्हणून. चार दिवसांच्या मुक्कामात सगळे रजा काढतात, गोडधोड होतं, नातवंडं भोवती असतात. खरा दिवस कळतो तो तिसऱ्या आठवड्यात. या दोन महिन्यांत घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, घरपट्टी आणि वीजबिल चालू ठेवायचं. शेळ्या अर्धलीनं द्यायच्या. जाताना परत यायची तारीख ठरवून, कॅलेंडरवर खूण करून जायचं. ती खूण असली की आजींना कोंडल्यासारखं होत नाही, आणि सुनेलाही मनातलं बोलायला सोपं जातं.

त्या आजी गेल्या, दोन महिने राहिल्या, आणि तारखेला परत आल्या. आता त्या उन्हाळ्यात, गावात पाण्याची ओढ असते आणि नातवांना सुट्टी असते तेव्हा, वाळूजला जातात. मृग निघाला की अर्ध्या तिकिटात परत. गावात असताना रोज संध्याकाळी सात वाजता नातू फोन करतो. न्हाणीला दांडा लागलाय. शेजारच्या वहिनींकडं घराची दुसरी किल्ली आहे. जायचं की राहायचं, याला अशी मधली वाट असते. ऊसतोडीच्या घरांतही काही जण असंच करतात. टोळी जाताना आई लेकीकडं चार महिने, आणि पाडव्याला आपल्या घरी.

लेकीचं नाव निघालं म्हणून सांगतो. "लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये" असं म्हणणाऱ्या आजी अजून आहेत. आजी, एक सांगा, आजारी पडल्यावर धावून कोण येतं? कायद्यानं लेकीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे, आणि २००७च्या कायद्यात आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारीही मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. हक्क आणि जबाबदारी दोन्ही असेल तर तिच्या घरी राहण्यात कमीपणा कसला? फक्त तिथंही तेच चार प्रश्न विचारायचे. जावई आणि विहीणबाईंशी उघड बोलायचं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही फक्त राहा-राहा म्हणतोय असं वाटेल. कधी कधी जाणंच योग्य असतं. एका गटातल्या ताईंचे वडील, कारखान्यातून निवृत्त झालेले, आई गेल्यावर गावात एकटे राहायचे. माणूस कडक, "मी माझ्या घरातून हलणार नाही" म्हणायचे. मग चुलीवर दूध ठेवून विसरायला लागले. दोनदा रात्री घराबाहेर पडले, वाट सापडली नाही. एकदा थेट महामार्गावर सापडले, ट्रकच्या दिव्यांत. इथं दांडा आणि दिवा पुरत नाही. विसरभोळेपणा इतका वाढला, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागायला लागलं, अंथरुणातून उठता येईनासं झालं, किंवा घरात कुणी मारहाण करतंय, पैसे हिसकावतंय, तर सोबतीच्या ठिकाणी जायला उशीर करू नये.

पण तिथंही विचारता येतं. ताईंनी वडिलांना विचारलं, "आबा, सोबत काय काय न्यायचं?" त्यांनी सांगितलं, बाज, तुकारामांची गाथा, आणि कारखान्याचं घड्याळ. ते सगळं नेलं. गावातला त्यांचा मित्र महिन्यातून एकदा भेटायला जातो. आबा सुखात आहेत का? काही दिवस असतात, काही दिवस गाव मागतात. ताई म्हणतात, "गाव मागतात तेव्हा मी त्यांना गावाच्या गोष्टी सांगायला लावते." सगळं गोड होतं असं नाही मैत्रिणींनो. पण माणूस सुरक्षित आहे, आणि त्याला सामानासारखं उचलून नेलेलं नाही.

आता आपल्याबद्दल, म्हणजे सुनांबद्दल. निर्णय ओसरीत होतो आणि काम चुलीपाशी येतं. अंघोळ कोण घालणार, कपडे कोण धुणार, रात्री कोण उठणार, हे न ठरवता "आईला आणायचं" एवढंच ठरलं तर सगळा भार एकाच बाईवर पडतो. मग तिची चिडचिड होते आणि नाव होतं की सून वाईट. म्हणून घरात बसूनच ठरवा. महिन्याचा खर्च कोणता भाऊ किती देणार? दवाखान्यात कोण नेणार? सुनेला वर्षातून पंधरा दिवस माहेरी जायचं असेल तेव्हा कोण येणार? हे एका कागदावर लिहा. त्यात लाज नाही. आज आपण सुना आहोत, उद्या आपलीच बाज अंगणात असणार आहे.

आणि सांभाळच होत नसेल तर? त्यासाठी २००७च्या कायद्यात न्यायाधिकरण आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा. ते मुलांना महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला सांगू शकतात. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाच्या ताब्यात मालमत्ता आहे किंवा ज्याला ती मिळणार आहे, त्याच्यावर जबाबदारी येते. स्वतः जाणं होत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. बायकांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा समितीत जायचं. आणि एक फोन नंबर लिहून घ्या, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन: १४५६७. पुन्हा सांगतो, एक चार पाच सहा सात. हा फोन मोफत आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. आजींच्या मोबाइलमध्ये हा नंबर आजच टाका.

शेवटी, गट म्हणून आपण काय करू शकतो? फार मोठं काही नाही. येत्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर आपल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आबांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढं गटातली एक बाई, जी रोज सकाळी दार उघडलं का एवढं बघेल. न्हाणीच्या दांड्याला, कमोडच्या खुर्चीला पैसे कमी पडत असतील तर गटातून छोटं कर्ज द्या. आम्ही दोन गटांत दिलंय, वेळेवर फिटलंय. हयातीच्या दाखल्यासाठी चार आजींना एकाच रिक्षात घालून तहसीलला न्या. आणि कुणाच्या घरी जायचं की राहायचं असा विषय निघाला, तर मध्ये पडून निकाल देऊ नका. जा असंही म्हणू नका, राहा असंही नाही. फक्त एवढं बघा की ज्यांचं घर आहे त्यांना विचारलंय का, एकट्यात विचारलंय का, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते नाही धरलंय का.

आजी-आबांनो, तुमच्यासाठी एकच. मुलांनी विचारायची वाट बघू नका. हातपाय चालतायत, डोकं ठिकाणावर आहे, तोवर सांगून ठेवा. मला कुठं राहायचंय, आजारी पडले तर कुठं न्यायचं, माझे कागद कुठं ठेवलेत. तोंडानं सांगा आणि जमलं तर नातवाकडून लिहून घ्या. "तुम्ही म्हणाल तसं" हे उत्तर आता देऊ नका. मुलांना तुमच्या मनातलं ऐकायचं असतं, त्यांना विचारता येत नाही एवढंच.

पुढच्या वेळी आपण मृत्युपत्र कसं लिहायचं हे उदाहरणासह बघू. ज्यांच्याकडं सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८ आहे, त्यांनी तो शोधून जवळ घेऊन बसा. नमस्कार.